सरकारी वरवंटे

माझ्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे 'सुस्थितीत'. शाळेची घंटा सुस्थितीत, फळा सुस्थितीत, पाण्याचं पिंप सुस्थितीत. पिंपाला बुडाशी भोक होतं आणि फळ्याचा एक कोपरा वाळवीने नेला होता. पण तपासणीला येणारे साहेब वही बघत, पिंप बघत नसत. दोन-चार तपासण्यांनंतर मीही पिंप बघायचं सोडून दिलं.

वांगणीच्या पुढे वावरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथे माझी एकशिक्षकी शाळा होती आणि बिऱ्हाडही. मी साखरशेतचा, नाचणी-भाताच्या घरातला. आमच्या कुळात सही करून पगार घेणारा पहिला माणूस मीच, त्यामुळे सहीचं मला भारी कौतुक. आधी कागद सरळ करायचा, मग पेन झटकायचं, मग किंचित मागे रेलून शेवटची रेघ लांब ओढायची. बायको म्हणायची, "सही करता का लगीन लावता?"

पाड्यावर वीज नव्हती. विजेचे खांब मोठ्या रस्त्यापर्यंत येऊन थांबले होते आणि दर निवडणुकीला ते आणखी पुढे येणार असल्याचं कळत असे. शाळेत शिजवलेली खिचडी नुकतीच सुरू झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. खिचडी शिजवायला एक मावशी होत्या. शिक्षण शून्य, पण पाड्यावर त्यांच्या शब्दापुढे पोलीस पाटलाचाही शब्द चालत नसे. त्या सगळ्यांना 'तू' म्हणत, मलाही आणि एकदा आलेल्या तहसीलदारांनाही. तहसीलदारांनी ते चहाबरोबर गिळलं.

त्या वर्षी उन्हाळ्यात पुण्याहून एक भूवैज्ञानिक साहेब आले. सडपातळ, डोक्याला कापडी टोपी, कमरेला हातोडी. पहिल्याच दिवशी ते ओढ्यात उतरले, एक खडक फोडला, तुकडा भिंगातून पाहिला आणि जिभेने चाटला. संध्याकाळपर्यंत ही बातमी पाड्याच्या शेवटच्या घरापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी मावशींनी त्यांच्यापुढे खिचडीचं ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "खा. उपाशी असशील."

साहेब मनापासून हसले. माणूस चांगला होता. शाळेच्या पडवीत बसून त्यांनी सगळ्यांना समजावलं की ओढ्यावर छोटा बंधारा घालायचा, पाणी नळाने खाली सोडायचं, खाली यंत्र फिरेल आणि पाड्याला वीज मिळेल. धूर नाही, कोळसा नाही. पुढे सगळ्या जगालाच असं करावं लागणार आहे, म्हणाले. पण पाणी असो नाहीतर वारा, त्याची वीज करायची तर आधी खालच्या जमिनीला विचारावं लागतं, आणि ते विचारायचं काम त्यांचं.

"याच्या आधी काय करायचास?" मावशींनी विचारलं.

"चंद्रपूरकडे होतो. कोळसा शोधून द्यायचो. पंधरा वर्षं."

"आणि आता तो जाळायला लागू नये म्हणून फिरतोस?"

"हो."

"म्हणजे आपलाच पसारा आपणच आवरायला आलास. बरा आहेस. आमच्या घरचं पुरुष तेवढा पण करीत नाय."

मग ट्रॅक्टरवर घालून जमिनीला भोकं पाडायचं यंत्र आलं. तीनेक आठवडे ओढ्याच्या काठी त्याची घरघर चालली. त्याची नळी खाली जाई आणि वर येताना पोटात दगडाची कांडी घेऊन येई. मनगटाहून जाड, हातभर लांब, गोल आणि गुळगुळीत कांडी. काळा कातळच होता, पण कुणी पैलू पाडल्यासारखा दिसे. अशा कांड्या निघतील तशा एका लांबट लाकडी पेटीत ओळीने मांडायच्या. वरचा दगड पहिल्या पेटीत, सर्वांत खोलचा सहाव्या पेटीत. काही कांड्यांवर साहेब लाल रंगाने खोलीचा आकडा घालत.

पाऊस तोंडावर आला, तसं यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात जायला निघालं. पेट्या न्यायला जीप पावसाळ्यानंतर येणार होती. साहेबांनी त्या शाळेच्या खिचडीच्या खोलीत ठेवल्या आणि माझ्यापुढे कागद ठेवला. सहा पेट्या मिळाल्या, जपून ठेवीन.

"गुरुजी, यांचा क्रम बदलता कामा नये," ते म्हणाले. "बंधारा जिथे बसणार, त्याच्या खाली काय आहे ते फक्त या कांड्याच सांगतील."

मी कागद सरळ केला, पेन झटकलं आणि नेहमीपेक्षा लांब रेघ ओढली.

जाताना वळवाने फुगलेला ओढा ओलांडत असता साहेबांचा पाय घसरला. माणूस सापडला, नोंदवही गेली. महिनाभराची टिपणं होती त्यात. पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र आलं. आता सगळी मदार पेट्यांवर आहे. दिवाळीनंतर वरिष्ठांची समिती येईल आणि जागा पक्की करील. जमिनीचा पुरावा नसेल तर आपला पाडा यादीतून काढतील आणि यंत्र पुन्हा यायचं नाही. तरी कृपया दर आठवड्याला पेट्यांची खबर कळवावी.

पत्र वाचून माझ्या छातीवर दगड आला. पाड्याचा उजेड माझ्या खिचडीच्या खोलीत होता. मी दर शनिवारी खोलीत जाऊन पेट्या मोजायचो. एकावर एक, झाकणं लावलेल्या, सहाच्या सहा. मग कार्ड लिहायचो, 'पेट्या सहा. सर्व सुस्थितीत.' अशी सतरा-अठरा कार्डं मी पुण्याला धाडली असतील.

त्याच पावसाळ्यात आमच्या घरी सुकटाची चटणी फार छान व्हायला लागली. मी एकदा बोलूनही दाखवलं, की यंदा काय बारीक वाटली जाते. बायको म्हणाली, "दगड चांगला मिळालाय." कुठून, हे मी विचारलं नाही. चटणीच्या बाबतीत मी चौकशी करत नाही.

दिवाळी झाली आणि साहेब आले. समिती आठ दिवसांनी यायची होती. मी त्यांना खोलीत नेलं आणि ऐटीत म्हटलं, "मोजून घ्या."

त्यांनी पहिल्या पेटीचं झाकण उघडलं. आत तूरडाळ होती. दुसरीत कांदे, तिसरीत लसूण आणि सुक्या मिरच्या. चौथीत पोरांच्या जुन्या पाट्या. पाचवी रिकामी होती, झाडून स्वच्छ केलेली. सहावीत कांड्यांचे फुटके तुकडे एका ढिगात होते. साहेब खाली बसले. दोन्ही हात डोक्याला लावून बसले. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तपासणीत पिंप सापडलं असतं तर एक वेतनवाढ गेली असती. इथे अख्खा पाडा माझ्यामुळे अंधारात राहणार होता आणि त्यांचीच पोरं सकाळी येऊन मला 'नमस्ते गुरुजी' म्हणणार होती.

मी मावशींना हाक मारली. त्या हात पुसत आल्या.

"मावशी, पेट्यांमधले दगड कुठे गेले?"

"वाटला ना."

"वाटले? कुणाला विचारून?"

"तुलाच. तू रजिस्टर लिहीत होतास. मी इचारला, ह्या पेट्या कोणाच्या? तू बोललास, सरकारच्या. मग? तांदूळ येतो तो वाटायचा असतो. गोळ्या येतात त्या वाटायच्या असतात. वह्या आल्या त्या वाटल्या. सरकार शाळेत पेट्या धाडतो, त्या काय बघायला धाडतो?"

सरकारने त्या शाळेत आजवर पाठवलेली एकही पेटी वाटपाशिवाय दुसऱ्या कामासाठी आलेली नव्हती. आणि दगड पाहिल्यावर तो कशासाठी आहे, हे पाड्यातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागलं नसतं. हातभर लांब, गोल, गुळगुळीत काळा कातळ. वरवंटा तो. सरकारने यंदा पाड्याला वरवंटे दिले होते.

"आणि आगाव नाय वाटला," मावशी पुढे म्हणाल्या. "घराला एक. गटाच्या वहीत लिहिलाय, अंगठे पण घेतलेत."

साहेबांनी डोक्यावरचे हात काढले. "वहीत? कसं लिहिलंय?"

बचत गटाची अध्यक्ष चौथी शिकलेली होती, तिला वहीसकट बोलावलं. तिने घाबरत घाबरत सांगितलं. मावशींनी सांगितलं होतं की वशिला नको, निवड नको. पहिल्या पेटीच्या पहिल्या दगडापासून सुरुवात करायची आणि पाड्याच्या वरच्या टोकाच्या पहिल्या घरापासून. पहिला दगड पहिल्या घराला, दुसरा दुसऱ्या घराला. तुकडे पडलेले बाजूला. वहीत घराचं नाव, पुढे 'पक्का' नाहीतर 'कच्चा', पुढे अंगठा. कच्चा निघाला तर ओळीतला पुढचा दगड बदलून.

साहेबांनी ती वही दोन वेळा वाचली. मग ते इतक्या जोरात उठले की लसणाची पेटी पडली. "गुरुजी, क्रम शाबूत आहे. पाड्याच्या वरच्या टोकापासून खाली चालत गेलं की आपण जमिनीत खाली उतरतोय. चला."

आणि आमची वरात निघाली. पुढे साहेब, मागे वही घेतलेली अध्यक्ष, मग मावशी, शेवटी मी. घरोघरी जायचं, पाट्यावरचा वरवंटा बघायचा, भिंगाखाली धरायचा, मोजपट्टी लावायची. लाल आकडे एकाही दगडावर उरले नव्हते. आमच्या बायका भांडी राखेने घासतात, आकड्यांची काय कथा. साहेबांना नमुन्यासाठी प्रत्येक दगडाचा टवका हवा होता, तो मावशींच्या अटीवर मिळाला. टवका एकाच टोकाचा आणि सुपारीएवढाच. तरी पहिल्या घरची बाई आपल्या वरवंट्यावर हातोडी पडताना तोंड फिरवून उभी राहिली. पाचव्या घरी साहेबांनी सवयीने टवका चाटला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले. लवंगी मिरची होती. मावशींनी त्यांना पाणी दिलं आणि यापुढे नुसतं बघायचं, असं बजावलं.

अकरावं घर माझं. बायको दारात वरवंटा घेऊनच उभी होती. माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं त्यात सतरा-अठरा पोस्टकार्डं होती. साहेबांनी टवका काढला. अध्यक्षीणबाईंनी वही पुढे केली.

"गुरुजी, तुमची सही राहिलीय. त्या दिवशी तुम्ही मोखाड्याला होता ट्रेनिंगला. वहिनींनी दगड घेतला, पण सही तुमचीच लागते ना."

"नंतर करतो," मी म्हणालो. त्या सहीखाली तारीख पडणार होती, आणि त्याच तारखेच्या आठवड्याचं माझं कार्ड पुण्याला पोचलेलं होतं. माणसाला लाज वाटते तेव्हा पेन सापडत नाही.

तेविसाव्या घरापर्यंत सगळं 'पक्का, पक्का' होतं. चोविसाव्या, म्हणजे पाड्याच्या शेवटच्या घरापुढे वहीत लिहिलेलं होतं, 'कच्चा, कच्चा, कच्चा, कच्चा, कच्चा, कच्चा, पक्का.'

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"तिचा नशीबच तसा," मावशी म्हणाल्या. "पयल्या खेपेची बाळंतीण. तेव्हा दिवस होते. सहा वेळा दगड बदलायला आली बिचारी. लाल निघायचा, पाणी लागला की भुगा. चटणी पण लाल."

साहेबांचा चेहरा उतरला. ते मला म्हणाले, काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये असा लाल मातकट थर असतो. बंधाऱ्याचा पाया त्यावर आला तर पाणी खालून निसटणार. बंधारा कोरडा, यंत्र बंद, आणि वर लोक म्हणणार की पाण्याची वीज म्हणजे थोतांड. हा थर कुठे सुरू होतो ते वहीने सांगितलं होतं. तो किती खोलीवर संपतो, तेवढं कळलं की काम होणार होतं. आणि त्यासाठी आकडा हवा होता.

चोविसाव्या घरी गर्दी होती. त्या दिवशी तिथे बारसं होतं. समोरची भिंत गेरूसारख्या रंगाने ताजी सारवलेली होती आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक काढलेला होता. साहेबांनी भिंतीला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं. सहा कच्च्या कांड्या कुठे गेल्या ते समजलं.

"आणि सातवा? पक्का?"

अध्यक्षीणबाईंनी पाळण्याकडे बोट दाखवलं.

बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात. त्याला टोपडं घालायचं, काजळाचं बोट लावायचं, पाळण्याच्या खालून-वरून द्यायचा-घ्यायचा. बाळ दगडासारखं टणक व्हावं, हा हेतू. साहेबांचा पुरावा टोपडं घालून, काजळ लावून बायकांच्या हातांतून पाळण्याभोवती फिरत होता. साहेब दारातच उभे राहिले. अर्धा तास उभे होते. कुणीतरी त्यांच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या, त्या त्यांनी एकेक करून खाल्ल्या.

बाळाला पाळण्यात घातल्यावर मावशींनी बाळंतिणीला काहीतरी सांगितलं. तिने वरवंटा उचलून साहेबांपुढे धरला. "बाळ हाय ते अजून," मावशी म्हणाल्या. "मुंडी सांभाळ."

पंधरा वर्षं कोळसा शोधलेल्या त्या माणसाने वरवंटा तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांवर घेतला, मुंडीखाली तळवा धरला आणि हलकेच टोपडं वर केलं. खाली लाल रंगातला आकडा जसाच्या तसा होता. बाळंतिणीने हा दगड पाट्याला लावलाच नव्हता. सहा वेळा बदलून मिळालेला पक्का दगड तिने बारशासाठी बाजूला ठेवला होता. मिरची नाही, राख नाही.

साहेबांनी आकडा वहीत उतरवून घेतला. हातोडीकडे त्यांचा हात गेला, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "बारशाच्या दिशी नाय." त्यांनी हात मागे घेतला. आकडा पुरेसा होता.

समिती आली तेव्हा साहेबांनी टाचण ठेवलं. ठरवलेल्या जागी बंधारा घालू नये, दोनशे पावलं वर घालावा, तिथली जमीन उंच आहे आणि आकड्याच्या हिशोबाने लाल थर पायाच्या बराच खाली राहतो. नमुने कुठे ठेवलेत, असं समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं. साहेब शांतपणे म्हणाले, "साठवण विकेंद्रित पद्धतीने केली आहे." गृहस्थांना ते फार आवडलं, त्यांनी लिहून घेतलं. मी कोपऱ्यात उभा होतो. माझ्या कार्डांचा विषय साहेबांनी काढला नाही, त्या दिवशी नाही आणि कधीच नाही. गटाची वही उतरवून घेऊन त्यांनी मावशींना परत दिली, आणि म्हणाले, "जपून ठेवा. माझ्या नोंदवहीपेक्षा चांगली आहे."

पुढे चार वर्षं गेली. कागद मोखाड्याहून ठाण्याला गेले, ठाण्याहून परत आले, एकदा हरवले. पण बंधारा झाला. वरच्या जागीच झाला आणि पहिल्या वर्षी पाण्याने तुडुंब भरला. यंत्र सुरू करायच्या दिवशी फीत कापायला बरीच माणसं आली, भाषणात बऱ्याच जणांचे आभार मानले गेले. साहेबांची बदली दूर कुठेतरी झाली होती, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. चोविसाव्या घरची पोरगी तेव्हा बालवाडीत होती. ती माझ्याच शाळेच्या पायरीवर खडूने रेघोट्या मारत बसली होती.

संध्याकाळी दिवे लागले. मी साहेबांना कार्ड लिहायला बसलो, 'सर्व सुस्थितीत' लिहिलं आणि थांबलो. मग उठलो, पाड्याच्या वरच्या टोकाला गेलो आणि घरोघर डोकावत खाली आलो. दोन घरी दिवा लागला नव्हता. एका घरी बटण उलटं बसवलं होतं, दुसऱ्या घरी म्हातारीने दाबायलाच नकार दिला होता. मी कार्डावर आधीचं खोडलं आणि लिहिलं, 'दोन घरं सोडून सगळीकडे दिवा. स्वतः पाहिलं.'

घरी आलो तर दारात मावशी बसल्या होत्या. मांडीवर गटाची जुनी वही होती, कोपरे दुमडलेली.

"गुरुजी, अकरावा घर. सही नाय."

"मावशी, चार वर्षं झाली."

"मग? तुझ्यामुळं वही अधुरी हाय."

मी वही घेतली. कागद सरळ केला, पेन झटकलं. मग पेन खाली ठेवून आत गेलो. वरवंटा पाट्यावर होता, टोकाला सुपारीएवढा टवका उडालेला. तो उचलून मी नव्या बल्बखाली धरला, फिरवून पाहिला आणि परत जागेवर ठेवला. बाहेर येऊन, अकरावं घर, दगड एक, पक्का, असं वाचून त्यापुढे लहानशी सही केली.

मावशींनी वही उजेडात धरली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मोकळी जागा कळत होती. वरपासून खालपर्यंत एकदा बोट फिरवून त्यांनी वही मिटली.

"झाला," त्या म्हणाल्या. "आता वाटप पुरा झाला."